इतर

वही बायोकेमिस्ट्रीची, मागच्या वर्षीची.
उरलेल्या कोऱ्या पानांत आम्ही संसार मांडला.
दोऱ्याने बांधलेली पेन्सिल,
कारण पेनं चालत जातात
आणि पेन्सिलीची चूक खोडता येते.

भाडं. वीज. गॅस. दूध. भाजी.
आणि शेवटी, समासाला खेटून,
इतर.

घणसोली गावात, देवळामागच्या गल्लीत,
म्हात्रेकाकूंच्या माडीवर चौघी.
सबमीटर नऊ रुपये युनिटने पळतो,
म्हणून आठ वाजेपर्यंत आम्ही लायब्ररीत.
तिथला पंखा कॉलेजचा, उजेड कॉलेजचा,
आणि एका एक्स्टेंशन बोर्डाला चार फोन
वासरांसारखे लुचत असतात.

तुर्भ्याच्या मार्केटात किलोभर कोणी देत नाही.
"पाच किलो घे, नाहीतर पुढं हो."
अक्षदाने पाच भागिले चार असा चेहरा केला
आणि घेतले.
मग आठ दिवस टोमॅटोचं सार, चटणी, भात, पुन्हा सार.
नवव्या दिवशी उत्कर्षा बार्शीच्या ठसक्यात म्हणाली,
"आता लाल साडी जरी दिसली, तरी वकणार मी."
त्या आठवड्यात एकशे दहा वाचले.
वहीत लिहिले नाहीत. वाचलेल्याला रकाना नव्हता.

झेरॉक्स, एका कागदावर चार पानं:
मुंग्यांनी लिहिलेली फार्माकॉलॉजी.
माझा ॲप्रन सीनियरचा, एकशे वीसला.
खिशावर लाल दोऱ्याने भरलेलं, पी. व्ही. हुमने.
उसवलं तर भोकं दिसतील, म्हणून राहू दिलं.
सर वर्षभर मला हुमने म्हणाले,
मीही "येस सर" म्हणत उभी राहिले.
व्हायवात हुमनेला पंधरापैकी तेरा मिळाले.
आईला फोनवर मी ते माझे म्हणून सांगितले.

बस हमरस्त्यावर सोडते.
तिथून गावात शेअर रिक्षाचे पंधरा रुपये.
आम्ही चालायचो.
नाल्याच्या कडेने, पत्रे ठोकलेल्या प्लॉटला वळसा घालून.
पंधरा गुणिले चार, गुणिले सव्वीस,
शगुफ्ता तोंडी सांगायची, पावलागणिक,
जणू रस्ताच आम्हाला पगार देत होता.

नोव्हेंबरात एका मंगळवारी
तिच्याच अक्षरात आलं,
इतर: ६०.
पेन्सिल इतकी दाबलेली
की पुढच्या तीन पानांवर साठ उमटले.

आम्ही भांडी घासत राहिलो.
मग ती म्हणाली,
"मोटरसायकल होती. मी थांबले की थांबायची."

उत्कर्षाने प्रत्येकीच्या नावावर पंधरा मांडले.
"हा माझा खर्च आहे," शगुफ्ता म्हणाली, "माझ्या एकटीचा."
"रस्ता काय तू एकटीच वापरतेस?"
अक्षदाने नळ बंद न करता विचारलं,
आणि पहिल्यांदाच कोणी तिला
नळ बंद कर म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिठाच्या बरणीमागे
एक रिकामा पत्र्याचा डबा आला.
सुटे टाकायचे, असतील तेवढे.
उशीर झाला, पाळी आली, अंगात कणकण आहे,
किंवा नुसतंच आज नको वाटलं,
तर घ्यायचे आणि रिक्षा करायची.
कोणी घेतले, किती घेतले, लिहायचं नाही.
अर्ध्या लिंबाचीही जिथे नोंद आहे
त्या आमच्या चिंगूस घरात
हा एवढाच डबा बेहिशेबी.

आता मे. खोली रिकामी करायची आहे की नाही,
काकू अजून सांगत नाहीत.
पहिल्या वर्षाच्या एका मुलीने ॲप्रन मागितला.
ऐंशी सांगितले, सत्तरला दिला.
खिशावरची हुमने तिच्याबरोबर गेली.

रात्री वही उघडली.
जमा, ॲप्रन: पन्नास.
पेन्सिलीने. खोडता येईल असं.

आणि दहाची दोन नाणी
मिठाच्या बरणीमागे, अंधारात,
हळूच सोडली तरी वाजली.